चांदीपुरा: नाव आणि निदान

आमच्या वाचकांपैकी अनेकांनी बासरची यात्रा केली असेल. गोदावरीच्या काठी वसलेले हे सरस्वतीचे क्षेत्र. लहान मुलाच्या हाती पाटी द्यावी, देवीसमोर त्याच्याकडून पहिले अक्षर गिरवून घ्यावे, म्हणून दूरदूरची कुटुंबे येथे येतात. बासर आज निर्मल जिल्ह्यात मोडते. २०१६ पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होते. या जुन्या जिल्ह्याचा आमच्या भाषेशी असलेला संबंध केवळ यात्रेपुरता नाही. राजुरा आणि किनवट हे मराठी मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्याचे भाग होते. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी, मध्ये सागाची जंगले; केस्लापूरला मेस्राम गोंडांचा नागोबा, जैनथला लक्ष्मीनारायण; बाजाराच्या दिवशी तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू या साऱ्या भाषा एकाच झाडाखाली बोलल्या जातात.

या प्रदेशाचे स्मरण येथे होण्यास कारण एक रोग आहे. एरवी आम्ही ग्रंथांचा परामर्श घेतो. या खेपेस वैद्यकीय निबंधांचा घेत आहोत. वैद्यक हा आमच्या अधिकाराचा विषय नव्हे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. परंतु शास्त्रीय निबंध हीही एक लिखित कृती असते. तिलाही मथळा असतो, निवड असते, जोर असतो आणि मौनही असते. जिच्यावर मुलांचे प्राण अवलंबून आहेत अशा कृतीचे वाचन कवितेइतक्या तरी काळजीने व्हावे, एवढीच आमची भूमिका आहे.

ज्या निबंधाने या विषयाचा आरंभ झाला तो १९६७ साली प्रसिद्ध झाला. पुण्याला १९५२ साली स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले. तेथील पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज हे त्याचे लेखक. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ चालू असता चांदीपुरा नावाच्या गावातील दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तातून एक नवाच विषाणू हाती लागला आणि त्याला त्या गावाचे नाव मिळाले. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा हा विषाणू रेबीजच्याच कुळातला. पुढे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पकडलेल्या वाळूमाश्यांत तो सापडल्याचे व्ही. धंदा, रॉड्रिग्ज आणि घोष यांनी १९७० साली नोंदविले. पाळीव जनावरांच्या रक्तात त्याच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या. नायजेरियात तो काटेरी अंगाच्या साळूसारख्या एका लहान प्राण्यात सापडला, सेनेगलात वाळूमाश्यांत. म्हणजे हा केवळ विदर्भाचा किंवा तेलंगणाचा रहिवासी नसून उष्ण कटिबंधाच्या मोठ्या पट्ट्यात त्याचा वावर असावा. एवढे असूनही तो मुळात कोणत्या प्राण्याच्या आश्रयाने टिकून राहतो, हे आजतागायत निश्चित झालेले नाही.

त्या पहिल्या निबंधाचा गुण त्याच्या संयमात आहे. दोन रुग्ण, एक विषाणू. त्यापलीकडे त्याने दावा केला नाही. परंतु पुढे जे घडले त्यास संयम म्हणता येईल की औदासीन्य, याचा विचार करावा लागतो. नवा विषाणू सूचीत दाखल झाला आणि बहुतांशी सूचीतच राहिला. १९८३ साली मेंदूविकाराच्या रुग्णाच्या रक्तातून तो वेगळा काढल्याचे एक टिपण प्रसिद्ध झाले. ती पूर्वसूचना होती. मधल्या काळात कामे झालीच नाहीत असे नव्हे, पण ती तुरळक होती. गावाचे नाव विषाणूला दिल्याने गावाविषयीचे कर्तव्य पुरे झाले, असा समज आमच्या विद्येत फार खोल रुजलेला आहे. शिलालेखाचा ठसा घेऊन मंदिर कोसळू देणारा संशोधक आम्ही पाहिलेला आहे. हाही त्याच कुळातला दोष होय.

मग २००३ चा पावसाळा आला. जून ते ऑगस्ट या महिन्यांत तत्कालीन आंध्र प्रदेशात, विशेषतः तेलंगणाच्या भागात, मुले एकाएकी आजारी पडू लागली. सकाळी ताप, दुपारी उलट्या आणि आकडी, रात्री बेशुद्धी. अनेकांचा अंत एकदोन दिवसांतच झाला. पुण्याच्या संस्थेतील बी. एल. राव आणि त्यांचे सहकारी यांनी या उद्रेकावर लिहिलेला निबंध २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. त्यातला आकडा कोणीही विसरू नये असा आहे: ३२९ मुले आजारी, त्यांपैकी १८३ मृत. शंभरात पंचावन्नांहून अधिक.

कृती म्हणून हा निबंध उत्तम आहे, असे आमचे मत आहे. तपास कोणत्या क्रमाने झाला, कोणते संशय घेतले आणि कशामुळे सोडले, नमुन्यांतून विषाणू कसा वेगळा केला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो कसा दिसला, १९६५ च्या मूळ विषाणूशी त्याची जनुके किती जुळली, हे सारे त्यात नीट उलगडत जाते. येथे न्यायासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही वर ज्या सूचीला दोष दिला, तीच सूची या प्रसंगी उपयोगी पडली. अडतीस वर्षांपूर्वीचा विषाणू पुण्यास जपून ठेवलेला होता म्हणूनच नव्याची ओळख त्याच्याशी ताडून पटविता आली. जुने बियाणे सांभाळणाऱ्या कणगीला नावे ठेवू नयेत. दोष कणगीचा नाही. पेरणीचा विसर पडला, हा आहे.

परंतु या निबंधाचा खरा मर्मभाग आम्हांला त्याच्या मथळ्यातच दिसतो. मेंदूज्वराचा हा मोठा उद्रेक चांदीपुरा विषाणूमुळे झाला, असे तो मथळा म्हणत नाही. उद्रेक या विषाणूशी संबद्ध आहे, एवढेच म्हणतो. 'मुळे' आणि 'शी' या दोन प्रत्ययांत केवढे अंतर आहे! व्याकरणाच्या वर्गात जे हेतू आणि साहचर्य म्हणून शिकविले जाते, तेच येथे प्रयोगशाळेच्या दारात उभे आहे. लेखकांनी आपला पुरावा कुठवर पोहोचतो हे जाणून शब्द निवडला. पुढे सरकारी कागदांत, वृत्तपत्रांत आणि लोकांच्या तोंडी तो शब्द गळाला आणि 'शी' चे 'मुळे' झाले. मूळ लेखकांचा यात अपराध नाही. तथापि संयमाने लिहिलेले वाक्य वाचकापर्यंत संयमाने पोहोचविण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही, हे खरे.

याच सुमारास दुसरी एक कृती पुढे आली, आणि ती वाचल्याखेरीज पहिलीचे मोल कळत नाही. पी. नागभूषण राव आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी २००४ साली बालमेंदूविज्ञानाच्या एका नियतकालिकात लिहिले की, या आजारास मेंदूज्वर म्हणणेच संशयास्पद आहे. मेंदूचा दाह झाला असता पाठीच्या पाण्यात ज्या खुणा दिसाव्यात त्या त्यांना पुरेशा दिसल्या नाहीत. उलट मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा येऊन त्या भागाची हानी व्हावी, पक्षाघातासारखे एकाएकी सारे घडावे, अशी लक्षणे त्यांनी नोंदविली. म्हणून त्यांनी त्यास साथीच्या स्वरूपातला मेंदूचा झटका असे नवे नाव दिले. वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ टी. जेकब जॉन यांनीही 'लॅन्सेट' मध्येच पत्र लिहून हा प्रश्न उपस्थित केला. या कृतीत पहिलीइतकी रेखीवता नाही, पण तिच्यात खाटेजवळ उभ्या असलेल्या माणसाची दृष्टी आहे. पहिलीचे लेखक नमुन्याकडून रोग्याकडे गेले, दुसरीचे रोग्याकडून नमुन्याकडे. दोन्ही वाटा लागतात. दुर्दैव हे की त्या दोघींची भेट एका निबंधात झाली नाही.

कोणी म्हणेल, मूल दगावले ते दगावले. त्यास ज्वर म्हणा की झटका, फरक काय पडतो? फरक पडतो. बिहारातील मुझफ्फरपूरचे उदाहरण घ्यावे. तेथे दर उन्हाळ्यात मुले आकडी येऊन मरत आणि वर्षानुवर्षे त्यास मेंदूज्वर म्हणत. २०१४ च्या साथीचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले की, या मुलांच्या रक्तातील साखर कमालीची उतरलेली असते. लिची खाणे आणि रात्री उपाशी निजणे यांचा त्याच्याशी संबंध आहे. आजाराला ज्वर म्हणत राहिले तोवर शोध विषाणूचा चालला. साखर उतरली आहे असे म्हणताच दोन साध्या गोष्टी सुचल्या: मुलास रात्री जेवू घाला, आणि आजारी पडताच साखरेचे पाणी द्या. नाव म्हणजे निदानाची अर्धी वाट होय. चांदीपुऱ्याचे मुझफ्फरपूर झाले असे आम्ही म्हणत नाही. २००४ साली पूर्व गुजरातेत आणि २००७ साली नागपूर विभागात हाच विषाणू पुन्हा आढळल्याने त्याच्याविरुद्धचा पुरावा बळकट झाला आहे. परंतु तो मेंदूत जाऊन नेमके काय करतो, हा दुसऱ्या कृतीने विचारलेला प्रश्न त्यामुळे रद्द होत नाही.

आता दोन्ही कृतींतील मौनाविषयी. ज्या आजारात सारा खेळ चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा, त्यात पहिल्या सहा तासांचा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे आई. ताप कोणत्या प्रहरी चढला, मूल आदल्या रात्री कोठे निजले होते, अंगणात की गोठ्याशेजारी, भिंत मातीची होती का, तिला भेगा होत्या का, हे तिलाच ठाऊक. वाळूमाशी डासाहून पुष्कळ लहान. ओलसर माती, शेणकचरा आणि भिंतींच्या फटी हे तिचे घर, आणि तिन्हीसांजेनंतर तिचा संचार. नेहमीच्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून ती सहज आत येते. म्हणजे आईची साक्ष ही येथे भावनेची बाब नसून पुराव्याची बाब आहे. ही साक्ष आदिलाबादच्या बाजूला गोंडीत, कोलामीत, मराठीत किंवा तेलुगूत दिली जाणार. निबंध इंग्रजीत लिहिला जाणार. मध्ये दुभाषा कोण? वैद्यकीय निबंधाच्या साच्यात आईच्या साक्षीला स्वतंत्र स्तंभ नाही, म्हणून ती साक्ष 'तापाचा इतिहास' या दोन शब्दांत विरून जाते.

दुसरे मौन सीमेचे आहे. नकाशा उघडून पाहावे. चांदीपुरा नागपूरकडे; २००३ चा जबर तडाखा बसलेले करीमनगर गोदावरीच्या दक्षिणेस. त्या करीमनगरातच पुढे वाळूमाश्यांच्या दुसऱ्या एका प्रजातीतही या विषाणूचा माग लागल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. या दोहोंच्या मधोमध आदिलाबाद पसरलेले आहे, आणि नागपूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता तेथूनच जातो. रोगाच्या दृष्टीने हा एकच सलग मुलूख. कागदाच्या दृष्टीने मात्र एक मूल महाराष्ट्राच्या रकान्यात मरते आणि दुसरे आंध्रच्या. पैनगंगेच्या अलीकडची आकडी आणि पलीकडची आकडी यांची बेरीज करणारा निबंध आम्ही शोधतो आहोत. मथळ्यात ज्या राज्याचे नाव आहे त्या राज्याचीही २०१४ साली फाळणी झाली आणि हे जिल्हे तेलंगणात गेले. राज्ये बदलली, वाळूमाशीचा मुलूख बदलला नाही.

आमच्या कोकणी आणि गोमंतकीय वाचकांनी हे परक्या मुलखाचे दुखणे समजू नये. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि मागोमाग माणसे तापाने फणफणली. प्रथम पीतज्वराची भीती वाटली. शोधाअंती तो गोचिडीवाटे पसरणारा वेगळाच विषाणू निघाला. तोच विषाणू पुढे २०१५ साली गोव्यात सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे आढळला. काजूच्या बागांत आणि रानात राबणारी माणसे त्याची शिकार झाली. आमच्याकडे त्यास माकडताप म्हणतात. या नावाचीही समीक्षा व्हावयास हवी. माकड या रोगाचे कारण नव्हे, तेही बळीच आहे. किंबहुना रानात मेलेले माकड ही गावाला मिळालेली पहिली ताकीद असते. जे नाव ताकीद देणाऱ्यालाच आरोपी ठरविते, ते मराठीत 'ताप' म्हणून लिहिले काय आणि कोकणीत 'जोर' म्हणून लिहिले काय, सारखेच अन्यायाचे. मारुतीच्या देवळात नारळ वाढवून घरी येताना माकडांवर दगड मारणारा भक्त या नावानेच घडविला आहे.

याच रोगावर मार्क निक्टर यांनी १९८७ साली एक दीर्घ निबंध लिहिला आणि त्यास विकासाच्या रोगाचे लोकचरित्र म्हटले. दक्षिण कन्नडात जंगल तोडले गेले, त्याचा रोगाशी काय संबंध, आणि लोकांनी आपल्या दैवतांच्या भाषेत त्याचा अर्थ कसा लावला, हे त्यात आहे. आमच्या मते या विषयावरील वाङ्मयात हा निबंध आदर्श म्हणून ठेवावा असा आहे. त्यात विषाणू आहे, गोचीड आहे, सरकार आहे आणि गावकऱ्याचे बोलणेही आहे. असे पुस्तक आदिलाबादने मागितले तर ते अवाजवी होणार नाही.

दैवतांचा उल्लेख आला म्हणून आपल्याच घरातले थोडे बोलतो. देवीचा कोप हे स्पष्टीकरण ऐकले की सुशिक्षित हसतात. आम्ही हसत नाही, पण त्यावर थांबतही नाही. त्या शब्दांत एक जाण आहे, ती अशी की, मनुष्याने कोठे तरी मर्यादा ओलांडली आणि रानाशी असलेला करार मोडला. परंतु त्यातच एक मोठा धोका आहे, तो वेळेचा. ज्या रोगात तास मोजावयाचे असतात, तेथे अंगारा लावून सकाळची वाट पाहणे म्हणजे मुलाचा हात सोडणे होय. शीतलादेवीची पूजा आमच्या घराघरांतून झाली आणि देवीची लसही आम्ही टोचून घेतली. १९७५ नंतर भारतात त्या रोगाचा रुग्ण उरला नाही, आणि देवळे ओस पडली नाहीत. श्रद्धा आणि लस यांचे वैर असते, असे आमच्या समाजाचा अनुभव सांगत नाही. चांदीपुऱ्यावर अद्यापि लस नाही, खास औषधही नाही. क्यासनूरची जुनी लस परिणामकारक ठरेना म्हणून २०२२ साली वापरातून काढावी लागली. अशा वेळी हाती उरते ते एवढेच: भिंती लिंपणे, गोठा निजण्याच्या जागेपासून दूर ठेवणे, बारीक जाळीची मच्छरदाणी, फवारणी, आणि ताप व आकडी दिसताच त्याच घटकेस इस्पितळाची वाट धरणे. हे पाच शब्द जत्रेच्या मांडवात, प्रसादाच्या पुडीवर, कीर्तनाच्या पूर्वरंगात सांगता येण्याजोगे आहेत. देवस्थान समित्यांनी ते सांगावेत, अशी आमची विनंती आहे. आणि गोंडी व कोलामी बोलणाऱ्यांकडून ते त्या त्या भाषेत लिहून घ्यावेत.

हे सारे जुने प्रकरण नाही. २०२४ च्या जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत भारतात मेंदूज्वरसदृश आजाराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ जणांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला. मुख्य तडाखा गुजरातेस होता, आणि वीस वर्षांतला हा सर्वांत मोठा उद्रेक असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले. त्याच संघटनेने २०१५ साली सांगून ठेवले आहे की, नव्या रोगांना गावांची, माणसांची आणि प्राण्यांची नावे देऊ नयेत. सूचना रास्त आहे, परंतु चांदीपुऱ्याचे नाव आता पुसले जाणार नाही. तेव्हा त्या नावाचे ऋण तरी फेडावे.

आमचा अभिप्राय थोडक्यात असा. १९६७ चा निबंध प्रामाणिक, पण त्यास वारस मिळाला नाही. २००४ चा पहिला निबंध भक्कम, आणि त्याच्या मथळ्यातला संयम अनुकरणीय. दुसरा निबंध कमी रेखीव, पण प्रश्न अधिक खोल. चौथा निबंध अजून लिहावयाचा आहे. तो नागपूर, आदिलाबाद आणि करीमनगर यांस एक मुलूख मानील, पावसाळ्याच्या आधी गावात जाईल आणि आईची साक्ष तिच्या भाषेत उतरून घेईल. बासरला पाटीवर पहिले अक्षर काढणारे मूल ज्या वयाचे असते, त्याच वयाच्या मुलांवर हा रोग झडप घालतो. तो निबंध लवकर लिहिला जावा.